आसवांइतकं खारट

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पस्तीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून गडचिरोली जिल्ह्यात काढली, त्यात हे किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही. ओसरीत, अंगणवाडीच्या छपरीत, धानाच्या बांधावर, कुठं कुठं तर बैलगाडीत बसल्या बसल्या. सांगून झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "आता चाखून पाहा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर सांडा आणि पुन्हा करा."

हे वाक्य आयांना फार पटकन कळायचं. चमचे घरोघरी लहान-मोठे असतात, माप चुकतं. आसवांची चव मात्र कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

१९८८ चा पावसाळा. आज जो मुलचेरा तालुका आहे त्या भागातल्या एका बंगाली गावात हगवणीची साथ होती. आपल्याकडे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बंगाली माणसांची गावंच्या गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही माणसं सरकारनं साठच्या दशकापासून तिथं वसवली. पावसातून त्या गावात शिरलं की आधी तळं दिसतं, मग केळी, मग सारवलेली अंगणं आणि हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या घातलेल्या बायका.

मी एका अंगणात गंज मांडला, आठ-दहा जणी गोळा केल्या आणि माझं नेहमीचं सुरू केलं. कोपऱ्यात पन्नाशी ओलांडलेली एक बाई जाळं विणत बसली होती. गावातली पोरं तिला दिदिमा म्हणत. मी मावशी म्हणायची. माझं बोलणं संपेपर्यंत ती मान वर करून बघतही नव्हती. साखर-मीठ विरघळलं, मी डाव ढवळला, तशी ती उठली, माझ्या हातून चमचा घेतला, पाणी तोंडात घेऊन क्षणभर धरलं आणि म्हणाली, "ये तो ड्रम का पानी है, सिस्टर."

मला काही कळलं नाही. ड्रमचं पाणी म्हणजे काहीतरी घाण पाणी, असंच वाटलं. मी म्हटलं, "नाही मावशी, हे उकळलेलं आहे."

तिनं तेव्हा वाद घातला नाही. दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा मला घरात बोलावून पत्र्याच्या पेटीतून एक पाकीट काढलं.

पाकीट बघितल्याबरोबर मी ओळखलं. म्हणजे त्यावरची बंगाली अक्षरं नाही, ती मला वाचता येत नाहीत. मी ओळखलं ते कोपऱ्यातलं तिकीट: पाच पैशांचं, तांबडं, त्यावर डोक्यावर-पाठीवर ओझी घेऊन निघालेल्या माणसांची रांग. माझे बाबा गावच्या शाळेत मास्तर होते आणि शाखा डाकघरही तेच सांभाळायचे. १५ नोव्हेंबर १९७१ पासून सरकारनं पाकिटांवर निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवरच 'निर्वासित साहाय्य' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून ती विकली, मग डिसेंबरात हे खास तिकीट आलं. ही पट्टी ३१ मार्च १९७३ पर्यंत चालली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पाकीट टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगायचे, "हे पाच पैशाचं पण लावा बरं, बंगालच्या लोकांसाठी आहे." ज्यांच्या घरी संध्याकाळी काय शिजवायचं हा प्रश्न असायचा, ते लोकही कमरेची चंची सोडून पाच पैसे काढायचे. मी डिंकाच्या ओल्या बोळ्यानं ती तिकिटं चिकटवून द्यायची. निर्वासित म्हणजे कोण हे मला त्या तिकिटावरच्या रांगेवरून कळलं होतं.

आणि हे पाकीट त्या रांगेतून आलेलं होतं. मावशीच्या धाकट्या बहिणीनं पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावजवळच्या छावणीतून धाडलेलं. निर्वासितांच्या मदतीचं तिकीट निर्वासित बाईनं स्वतःच्या पाकिटावर स्वतःच्या पैशानं लावलं होतं. ते पाकीट हातात धरून मी किती वेळ तशीच बसले होते.

मावशी स्वतः आली ती १९६४ मध्ये, खुलन्यातल्या दंगलीनंतर. नवरा, दोन मुली आणि एक कासंडी. रायपूरजवळच्या माना छावणीत तंबूत दिवस काढले, मग तिथून आमच्या जंगलात. बहीण मागं राहिली, कारण तिच्या नवऱ्याचं दुकान होतं, आणि दुकान असलेला माणूस शेवटपर्यंत आशा धरतो, असं मावशी म्हणायची. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्करानं कत्तल सुरू केली आणि ती आग गावोगाव पसरली. मे महिन्यात बहिणीचं कुटुंब घर सोडून निघालं. खुलना जिल्ह्यात भद्रा नदीच्या काठी चुकनगर नावाचं बाजाराचं गाव आहे. सीमेकडे जाणारे लोक तिथं थांबत, भात शिजवत, पुढे निघत. २० मे रोजी लष्करानं तिथं थांबलेल्या हजारो माणसांना काही तासांत मारलं. मावशीची बहीण तिथून दोन दिवस आधी पुढं गेली होती. त्या पत्रात एवढंच होतं म्हणे: "आम्ही मंगळवारी निघालो नसतो तर दुकानदाराचा हिशेब तिथंच मिटला असता."

पुढचं मला मावशीनं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण गावातल्या मास्तरांकडून ते पत्र तिनं इतक्यांदा वाचून घेतलं होतं की तोंडपाठ होतं. जूनमध्ये बहिणीच्या तीन वर्षांच्या मुलाला पटकी, म्हणजे कॉलरा, झाली. बनगावच्या दवाखान्यात खाट नव्हती, जमिनीवरही जागा नव्हती. नवऱ्यानं पोराला खांद्यावर घेतलं होतं आणि त्याच्या पायांतून पाणी गळत होतं. तिथं नळ लावलेले ड्रम ठेवलेले होते. कुणा पोरसवदा माणसानं तिच्या हातात एक मग दिला आणि सांगितलं, हे पाजत राहा, ओकला तरी पाज, थांबू नकोस. ती रात्रभर पाजत राहिली. मूल वाचलं. तिची सासू त्याच आठवड्यात गेली. ती दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती.

हे ऐकून मी हळहळले, पण त्यातला ड्रम मला तेव्हा नीट कळला नव्हता. कळला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. कोलकात्यात डॉ. दिलीप महालनबीस वारले, ही बातमी वाचली. खाली लिहिलं होतं, बनगाव, १९७१, पटकी, ड्रम. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि त्या बंगाली अंगणातला तो चमचा आठवला.

डॉ. महालनबीस बालरोगतज्ज्ञ. जन्म किशोरगंजचा, म्हणजे आज जो बांगलादेश आहे तिथला. कोलकात्याच्या एका संशोधन केंद्रात ते तोंडावाटे द्यायच्या पाण्यावर काम करत होते. साखर आतड्यातून आत जाताना मीठ आणि पाणी सोबत ओढून नेते, हे साठच्या दशकात शास्त्रज्ञांना कळलं होतं. १९६८ मध्ये ढाक्याच्या पटकी संशोधन केंद्रात त्याच्या रुग्णांवरच्या चाचण्याही यशस्वी झाल्या होत्या. पण ते सगळं दवाखान्याच्या भिंतींच्या आत, डॉक्टरांच्या नजरेखाली. पटकीचा खरा इलाज म्हणजे शिरेतून सलाईन, हेच सगळीकडे पक्कं होतं.

जून १९७१ च्या शेवटी ते बनगावला गेले. दोन खोल्या, सोळा खाटा. रुग्ण शेकड्यांनी. सलाईन द्यायचं तर जमिनीवर पडलेल्या माणसाच्या विष्ठेत आणि ओकारीत गुडघे टेकून बसावं लागे. बाटल्या संपत आल्या होत्या, आणि शिरेत सुई घालता येणारी माणसं त्यांच्या पथकात मोजून दोन. दोन दिवसांत त्यांना कळलं की असं चाललं तर आपण हरणार.

मग त्यांनी जे केलं ते आज सोपं वाटतं. कोलकात्यात ग्लुकोज, साधं मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचा, पिशवीचं तोंड गरम इस्त्रीनं बंद करायचं आणि बनगावला पाठवायचं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. तिथं ते ड्रममधल्या पाण्यात मिसळायचं. आणि पाजायचं कुणी? आईनं, बापानं, भावानं, शेजारच्यानं. सलाईन अगदी मरणपंथाला लागलेल्यांसाठी राखून ठेवायचं, तेही शुद्धीवर येऊन पिऊ लागेपर्यंतच.

मी स्वतः या कामातली आहे म्हणून सांगते, यातली सगळ्यात अवघड गोष्ट ग्लुकोज-मीठ नव्हतीच. अवघड होतं ते न शिकलेल्या, घर जळालेल्या, तीन आठवडे चालून आलेल्या बाईच्या हाती इलाज सोपवणं. आम्हाला नोकरीत कायम उलटं शिकवलं गेलं: तुम्ही द्यायचं, त्यांनी घ्यायचं. लाभार्थी हा शब्दच बघा. लाभ घेणारा, म्हणजे हात पसरून उभा असलेला. बनगावात रांगेत उभ्या असलेल्या बाईलाच महालनबीसांनी परिचारिका केलं, आणि ते काही तिचं मन राखायला नव्हे. दुसरं कुणी नव्हतंच, आणि तिच्याइतकं जागं राहणारं कुणी असूही शकलं नसतं. पटकीत मूल दर पाच-दहा मिनिटांनी घोटभर प्यायला हवं, रात्रभर. कुठल्या दवाखान्यात इतक्या परिचारिका असतात?

आधी तिथं पटकीच्या शंभरांतले सुमारे तीस दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. तरीही इतर डॉक्टरांना पटायला वर्षं लागली. त्यांचा लेख छापून आला १९७३ मध्ये. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं या इलाजामागच्या साखर-मिठाच्या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. पद्मविभूषण मिळाला तो २०२३ मध्ये, मरणोत्तर.

बनगाव ही त्या वर्षाची एक खोली झाली. बाहेरचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं तर आकडे लागतात. डिसेंबर १९७१ पर्यंत भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या ९९ लाखांच्या जवळ गेली होती. त्यांतले सुमारे ६८ लाख आठशेहून अधिक छावण्यांत, बाकीचे नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे, कुठंही. बंगालमध्येच सत्तर लाखांच्या वर. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख आणि आलेले लोक चौदा लाखांवर. शाळा भरल्या, कॉलेजं भरली. कोलकात्याजवळ सॉल्ट लेकला गटारासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळ्यांत कुटुंबं राहिली, नळीच्या तोंडाला गोणपाट लावून. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नव्हती, आजही नाही. तरी सीमा बंद केली नाही. कोलकात्यात केंद्राच्या पुनर्वसन खात्याचं शाखा सचिवालय उघडलं आणि कर्नल लुथरा यांच्याकडे कारभार दिला. संयुक्त राष्ट्रांतर्फे निर्वासित उच्चायुक्त सद्रुद्दीन आगा खान यांच्याकडे जगाची मदत एकवटायचं काम आलं. मदत आलीही, पण भार मुख्यत्वे इथल्या तिजोरीनं उचलला. आमच्या गावातल्या त्या चंच्यांनीही उचलला, असं मला म्हणायचं आहे.

हे सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. त्या पावसाळ्यात छावण्यांत किती पोरं गेली! पटकीनं, आणि नंतर उपासमारीनं, सुकून सुकून. गावकऱ्यांच्याही कपाळाला आठ्या पडल्या, कारण मजुरी उतरली आणि धान्य महागलं. छावणीत राहणं म्हणजे काय हे मावशीनं मला एका वाक्यात सांगितलं होतं, तिच्या स्वतःच्या माना छावणीबद्दल. म्हणाली, "सिस्टर, रोज खायला मिळायचं. पण आज काय रांधू हे मला कुणी विचारलं नाही." रांधणं म्हणजे घर चालवणं. मला वाटतं तिच्या बहिणीनं त्या पत्रात सासूच्या मरणापेक्षा मगाबद्दल जास्त लिहिलं, त्याचं कारण हेच असावं. त्या सबंध वर्षात तिच्या हातात दिलं गेलेलं करण्यासारखं काम ते एकच होतं.

१६ डिसेंबरला युद्ध संपलं आणि माणसं परत निघाली. जानेवारी आणि फेब्रुवारी १९७२ या दोन महिन्यांत जवळजवळ सगळे गेले. इतक्या थोड्या वेळात इतक्या माणसांनी आपण होऊन घरी परतल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही. मावशीची बहीणही फेब्रुवारीत खुलन्याला परतली. दुकान नव्हतं, दुकानाची जोतीही खणून नेली होती. दोघी बहिणी पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

पण पाणी त्यांच्याबरोबर गेलं. १९७२ मध्ये फझले हसन आबेद यांनी सिल्हेटकडच्या शाल्ला भागात, परतून आलेल्या निर्वासितांना पुन्हा उभं करण्यासाठी एक छोटी संस्था काढली. तीच पुढं ब्रॅक म्हणून जगभर माहीत झाली. १९८० पासून दहा वर्षं ब्रॅकच्या बायका बांगलादेशात घरोघर फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांत आयांना हे पाणी करायला शिकवलं. तयार भुकटीचं पाकीटही नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला, आईच्या किती लक्षात राहिलं त्यावर ठरायचा. नंतर दुसरा माणूस येऊन आईलाच विचारायचा. हे वाचलं तेव्हा माझी मान खाली गेली. आमच्या रजिस्टरमध्ये 'किती घरांना भेट दिली' हा रकाना होता. 'तिला करता येतं का' हा रकाना नव्हता. तिथं या पाण्याला अजून 'खाबार स्यालाइन' म्हणतात, खायचं सलाईन. आपल्याकडे जलसंजीवनी.

आमच्या बंगाली गावांबद्दलही लिहायला हवं, कारण परतले ते गेले, हे राहिले. साठ वर्षं होत आली. नातवंडं मराठी शाळेत शिकली, झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसतात, दुर्गापूजेला आजूबाजूच्या गोंडी-मराठी गावांतून गर्दी लोटते. पण त्यांतल्या नमःशूद्रांना बंगालमध्ये जो अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, तो इथं मिळत नाही, आणि त्यासाठी त्यांची निवेदनं वर्षानुवर्षं चालू आहेत. एकदा जलसंजीवनीच्या पाकिटांचं वाटप करताना एका वरिष्ठांनी मला सांगितलं, "त्या गावाला कमी ठेव, त्यांना सरकारनं आधीच खूप दिलंय." मी काही बोलले नाही. नवीन होते, बदलीची भीती होती. पाकिटं कमी नेली. त्या आठवड्यात त्या गावात कुणी दगावलं नाही, पण ते माझ्यामुळे नव्हे. मावशीनं साखर-मिठावर गाव काढलं होतं.

हे आत्ता लिहायला बसण्याचं कारण सुदान. १५ एप्रिल २०२३ ला तिथं दोन सेनांचं युद्ध पेटलं आणि दारफूरमधून माणसं शेजारच्या चाडमध्ये शिरू लागली. आठ लाखांहून जास्त आली आहेत. सीमेवरचं आद्रे हे युद्धापूर्वी चाळीस हजार वस्तीचं गाव होतं. चाड स्वतः जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. तरी सीमा उघडी ठेवली, आणि पहिल्या दिवसांत तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या घरातलं पाणी आणि ज्वारी वाटली. ज्वारी हे वाचून मला ते गाव एकदम जवळचं वाटलं. जुलै २०२५ मध्ये पूर्व चाडच्या छावण्यांत पटकी शिरली, आणि त्याच वर्षी श्रीमंत देशांनी मदतीचा हात आखडता घेतला होता. पटकीच्या साथीत आता छावणीच्या गल्लीगल्लीत हे पाणी पाजण्याची ठिकाणं करायची रीत आहे: एक ताडपत्री, एक बाकडं, एक नळाचा पिंप, आणि पाजायला बहुतेकदा त्याच छावणीतली शिकवून तयार केलेली बाई. टीव्हीवर अशी चित्रं येतात तेव्हा बातमी सांगणारा म्हणतो, 'निर्वासितांचा लोंढा', 'शेजारी देशावर बोजा'. लोंढा पुराला म्हणतात. मी कोपऱ्यातला पिंप शोधत बसते.

मावशी २००६ मध्ये गेली. त्याआधी तीन-चार वर्षं मी तिच्या गावात जलसंजीवनी शिकवणं बंद केलं होतं. मी फक्त गंज आणि पाकिटं न्यायची आणि तिच्या शेजारी बसायची. तिला दिसत कमी होतं, मोतीबिंदू पिकला होता. नव्या सुना गोल करून बसायच्या. ती त्यांच्यातल्या सगळ्यात लहान पोरीच्या हातात डाव द्यायची, तिलाच साखर घालायला लावायची, तिलाच मीठ. मग चमचाभर पाणी स्वतःच्या जिभेवर घ्यायची, डोळे मिटायची आणि सगळं अंगण गप्प व्हायचं.

"आर एकटू जल दाओ," म्हणायची. अजून थोडं पाणी घाल.

पोरगी पाण्याचा गुंड उचलायची.